बसऱ्याला गेलेल्यांची नावं

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत, वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात एक लहानशी दगडी पाटी बसवलेली असते. येता-जाता तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मजकूर साधारण एवढाच: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. ‘इतके’च्या जागी आकडा. गावाचं नाव, सालं, दोन आकडे. संपलं.

इंग्रज सरकारने अशा पाट्या हिंदुस्थानभर बसवल्या. पंजाबातल्या खेड्यात गेलात तरी तीच वाक्यरचना दिसते. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला ती पाटी बघितली की टेम्प्लेटच आठवतो. वाक्य तेच ठेवायचं, तीन रिकाम्या जागा भरायच्या आणि पुढच्या गावाला पाठवायचं. या टेम्प्लेटमध्ये नावासाठी जागाच ठेवलेली नाही. कोण गेलं, कोण मेलं, कुणाचा कोण होता, हे पाटी सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्या वीरगळांवर तरी कुठे नावं असतात? खरं आहे. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. पण वीरगळावर माणूस असतो. खालच्या चौकटीत तो लढताना पडलेला, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. गुरं वाचवताना गेला असेल तर शेजारी गाई कोरलेल्या असतात. दगड घडवणाऱ्याला मेलेला माणूस कशासाठी मेला ते ठाऊक होतं. महायुद्धाच्या पाटीवर तेही नाही.

मी बत्तीस शिराळ्याच्या बाजूचा. शिराळा म्हटलं की लोकांना नागपंचमी आठवते, फार तर समर्थांच्या अकरा मारुतींतला एक मारुती. शिराळ्यातून मोरणा वाहते. दक्षिणेला वारणा, तिच्या पलीकडे कोल्हापूर संस्थान. पश्चिमेला चांदोलीकडे डोंगर चढत जातो तसा पाऊस वाढतो आणि शेताचे तुकडे लहान होत जातात. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडून पोट भरत आली आहेत. काही मुंबईच्या गिरण्यांत गेली, काही पलटणीत.

पलटणीत गेलेल्यांचा शोध घ्यायचा तर आधी नकाशा मागे न्यावा लागतो. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरींची आणि स्मारकांची व्यवस्था बघणारी ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ ही संस्था आहे आणि तिचा डेटाबेस इंटरनेटवर कुणालाही उघडता येतो. त्यात ‘जिल्हा सांगली’ असं शोधून उपयोग नाही. कारण त्या काळी सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि शिराळा हा सातारा जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचा पेटा. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ ला झाला आणि त्याचं नाव सांगली पडलं ते १९६० ला. म्हणजे आपल्या पणजोबांचा पत्ता आजच्या कुठल्याच आधार कार्डाशी जुळत नाही. ते सगळे ‘सातारा’ आहेत.

ते गेले कशाला? याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात ‘शौर्याची परंपरा’ असं मिळतं. परंपरा होतीच, नाही कोण म्हणतो. पण पगार होता हे आधी सांगायला हवं. १९१४ ला पायदळातल्या शिपायाला महिना अकरा रुपये मिळत. आज ऐकायला हसू येईल, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सातारा जिल्हा डोळ्यांपुढे आणा. १८९६ पासून प्लेग, त्याच वर्षी दुष्काळ, पुन्हा १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. जमीन चार भावांत वाटलेली आणि सावकाराकडे गहाण पडलेली. अशा घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम आणणारा एक मुलगा म्हणजे सगळ्या घराचा विमा होता. युद्ध लांबलं, माणसं कमी पडायला लागली, तसं सरकारने भरतीवर रोख बक्षीसही सुरू केलं. वरून मामलेदाराला निरोप, मामलेदाराकडून पाटलाला, पाटलाकडून घरोघर. यात मर्जी किती आणि दडपण किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

मराठा पलटणींची दारं महारांसाठी बंद होती. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच थांबवली होती. लढाई अंगावर आल्यावर मात्र सरकारला त्यांची आठवण झाली. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ ला मोडलीही. शिवाय बंदूक न घेता गेलेले होते: खेचरवाले, भिश्ती, स्वयंपाकी, हमाल, झाडूवाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे चौदा लाख माणसांत पाच लाखांहून जास्त अशी होती. शौर्याच्या गोष्टीत ती कुणी धरत नाही.

मराठा पलटणींतले बरेचसे लोक फ्रान्सला गेले नाहीत. ते गेले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. गावच्या भाषेत ‘बसऱ्याला’. मुंबईहून जहाजाने बसरा बंदरात उतरायचं आणि तिथून टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकायचं. समोर तुर्क. ‘सहावी पुणे डिव्हिजन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सेनापती होता जनरल टाउनशेंड. १९१५ च्या उन्हाळ्यापासून तो जिंकत जिंकत वर गेला, बगदाद हाताच्या अंतरावर आलं आणि नोव्हेंबरात टेसिफॉनला तुर्कांनी त्याला अडवलं. मागे हटत फौज कूत-अल-अमारा या गावात शिरली. नदीच्या वळणात सापडलेलं, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं गाव. डिसेंबरात वेढा पडला.

कूतचा वेढा १४७ दिवस चालला. गावात धान्य होतं, पण दळायचं कसं? म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या टाकण्यात आल्या. मला हा तपशील वाचून थांबावंच लागलं. विमान हा शब्दही ज्यांच्या गावात नवा होता अशी माणसं टायग्रिसच्या काठी आभाळातून पडणाऱ्या जात्याकडे बघतायत. पुढे एप्रिलमध्ये धान्यच संपत आलं तेव्हा विमानांतून पिठाची पोतीही टाकली गेली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला हवेतून रसद देण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न मानतात. तो पुरला नाही. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे.

दरम्यान छावणीत घोडे कापायला सुरुवात झाली होती. हिंदुस्थानी शिपायांतल्या बहुतेकांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. धर्म बुडेल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती गावी परतल्यावरची होती: सोयरीक कोण करेल, पंगतीला कोण घेईल? हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे परवानगीचे संदेश मागवून ते वाचून दाखवण्यात आले तरी शिपाई बधले नाहीत. नकार देणाऱ्यांचं रक्त आटत गेलं, हिरड्या सुजल्या, शेकडो जण दवाखान्यात पडले. शेवटी एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी ते मांस खाल्लं, तेव्हा उशीर झाला होता. वेढा फोडायला खालून येणाऱ्या फौजेचे तोवर तेवीस हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली.

यापुढचा भाग मराठीत फारसा कुणी सांगत नाही. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं, पाहुण्यासारखं. साध्या शिपायांना मे-जूनच्या उन्हात वाळवंटातून चालवत नेलं. बगदाद, मोसूल, तिथून पुढे रास-अल-ऐन, जिथे बगदाद रेल्वेचं काम चालू होतं. पायात धड बूट नाहीत, पोटात आधीच पाच महिन्यांची उपासमार. हगवण लागलेला माणूस मागे राहिला की राहिला. हिंदुस्थानी कैद्यांना मुख्यतः रास-अल-ऐनच्या रूळकामावर जुंपलं होतं. त्यांच्यातले हजारो परत आले नाहीत आणि कितीतरी जणांचं शेवटी काय झालं याची नोंदच नाही. गावी तेवढ्या काळात काय पोचत असेल? महिन्याची मनीऑर्डर बंद पडते, मग कधीतरी कचेरीतून ‘बेपत्ता’ असा कागद येतो. घरात बायको असते. तिने कुंकू पुसायचं की नाही हे त्या कागदावरून ठरत नाही.

बसऱ्याला या सगळ्यांचं स्मारक झालं, १९२९ ला. त्यावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण आहे. पण कशी? इंग्रज सैनिकांची नावं कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची नावं कोरली. साध्या हिंदुस्थानी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. गावच्या पाटीवर आकडा, बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा. २०२१ ला त्याच कमिशनने स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून अहवाल काढला, त्यात हा भेदभाव कबूल केला. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत आफ्रिकी आणि आशियाई मृतांचं नावाने स्मरण झालेलं नाही, किंवा स्मरणच झालेलं नाही, असं तो अहवाल म्हणतो. हिंदुस्थानी शिपायांच्या बाबतीत काही कागदी याद्या होत्या, त्या आता ऑनलाइन आल्या आहेत. शिपायाचं नाव दगडावर यायला शंभर वर्षांत जमलं नाही ते सर्व्हरवर आलं.

(ते बसऱ्याचं स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ ला सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात, आखाती युद्धाच्या रणभूमीत नेऊन ठेवलं. मेल्यावरही आमच्या माणसांची बदली झाली.)

एका गावावर याचा भार किती पडला असेल, याचा अंदाज सातारा जिल्ह्यातल्याच एका गावावरून येतो. साताऱ्याजवळचं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले. इंग्रजांनी तिथे स्मृतिस्तंभ उभारला आणि गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. आज बातम्यांत हे गाव येतं ते घरटी एक फौजी म्हणून, अभिमानाने. अभिमान असावा. पण ४६ हा आकडा शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात ठेवून बघा. तेव्हाचं खेडं म्हणजे काहीशे उंबरे. मेलेले सगळे वीस-तीस वर्षांचे, म्हणजे नांगर धरणारे हात. चार-पाच वर्षांत ४६ धडधाकट पुरुष गेले, तर गावातली किती औतं बंद पडली असतील, किती पोरी माहेरी परतल्या असतील आणि किती जमिनी भावकीत सरकल्या असतील? स्तंभावर हा हिशेब नाही.

आणि युद्धाने गावात मारलेली माणसं फक्त पलटणीतली नव्हती. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला, युद्धावरून येणाऱ्या जहाजांबरोबर. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती रेल्वेने आणि पायवाटांनी खेड्यापाड्यांत शिरली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, खरीप हातचं गेलं होतं आणि युद्धामुळे धान्य-कापड आधीच महाग झालं होतं. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं मेली. संपूर्ण हिंदुस्थानात एक कोटीच्या वर. पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. घरात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी तीच आणि सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं खाणारीही तीच. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतलं एकच दशक आहे ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. म्हणजे नवरा बसऱ्याला तगला आणि इकडे बायको-पोरं तापाने गेली असंही झालं. पाटीवर ‘प्राण दिले’मध्ये त्या बायका धरलेल्या नाहीत.

युद्धाची आणखी एक खूण घराघरांत शिरली होती, ती म्हणजे कागदी रुपया. चांदी कमी पडली म्हणून १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली. रुपया वाजवून घेण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातात हा कागद आला. जातिवंत शेतकरी त्याकडे कसा बघत असेल हे मी सांगायला नको. आमच्याकडे २०१६ पर्यंत म्हाताऱ्या बायका नोटेपेक्षा सोन्याच्या मण्यावर भरवसा ठेवायच्या, आणि २०१६ च्या नोव्हेंबरात त्या बरोबर ठरल्या.

पहिली लढाई संपल्यावर सैन्याची फेररचना झाली. १९२२ ला जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ बनली आणि बेळगाव हे तिचं केंद्र झालं, ते आजही आहे. सैनिकी पेशाची वाट पक्की झाली. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी वाट फुटत होती. शिराळ्याच्या बाजूला बिळाशीत १९३० ला जंगल सत्याग्रह पेटला आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. चांदोलीच्या पायथ्याच्या माणसाला जंगल म्हणजे सरपण, चारा आणि गुरांची चराई. त्यावर सरकारचा पहारा बसला तर सरकार कसं वाटतं, हे त्याला कुठल्या भाषणातून कळायची गरज नव्हती.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा या दोन्ही वाटा एकाच गावातून जात होत्या. १९४२ हे एकच वर्ष घ्या. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक रोमेलच्या हाती पडलं, मराठ्यांची दुसरी पलटण त्यात कैद झाली. शिपाई इटलीच्या कैदी छावण्यांत गेले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा, तिथे किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. इस्लामपूर हे तेव्हा शिराळ्याचंच तालुक्याचं गाव होतं. त्यावेळी एका भावकीत एकाचा मुलगा इंग्रजांसाठी लढताना कैदेत आणि दुसऱ्याचा मुलगा इंग्रजांच्या कचेरीवर झेंडा लावायला निघालेला, ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. पुढच्या चार वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात उभं राहिलं. त्या भूमिगतांना दूध-भाकरी देणाऱ्या घरांतही महिन्याला पलटणीची मनीऑर्डर येत असणार. घर चालायला ती लागत होती.

कारण महागाई पहिल्या लढाईपेक्षा वाईट होती. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. १९४३ ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि गावाकडे सक्तीची लेव्ही आली: पिकवायचं तुम्ही आणि ठरलेल्या भावाने घालायचं सरकारी गोदामात. शहरातला माणूस रेशनच्या रांगेत उभा राहिला, त्याची आठवण पुस्तकांत आहे. लेव्ही घातल्यावर स्वतःच धान्याची वाट बघत बसलेला शेतकरी पुस्तकांत कमी सापडतो.

तिकडे मराठा पलटणी एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढल्या, १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांच्या वेढ्यात सापडल्या, इटलीत टायबरच्या खोऱ्यात आणि सेनिओ नदीवर लढल्या. इटलीत दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: जुलै १९४४ ला यशवंत घाडगे यांना, मरणोत्तर, आणि एप्रिल १९४५ ला नामदेव जाधव यांना. घाडगे कुलाब्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. जाधव तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले. या जाधवांचं आडनाव इंग्रजी कागदांत किमान तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या माणसाचं हे, तर बाकीच्यांचं काय झालं असेल!

पण एक बदल झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नावं नोंदली गेली, साध्या शिपायांचीही. रंगूनजवळच्या स्मारकावर सुमारे सत्तावीस हजार नावं आहेत, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी. इटलीत कासिनोला आहेत, एरिट्रियात केरेनला आहेत, इजिप्तमध्ये अलामेनला आहेत. आणि नोंदीत कित्येकदा नावापुढे दोन ओळी असतात: अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, सातारा. मी त्या नोंदी वाचत गेलो तेव्हा शिपायांपेक्षा त्या बायकांच्या नावांवर जास्त अडकलो. त्या काळी सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायला मारामार. रेशन कार्ड नव्यानेच आलेलं, तेही कुटुंबप्रमुखाच्या नावे. आणि इकडे एका लंडनच्या रजिस्टरात तिचं नाव टाइप केलेलं. नवरा मेला म्हणून ते तिथे आलं आणि बहुधा तिला ते कधी कळलंही नसेल.

स्वातंत्र्यानंतर या शिपायांची मोठी अडचण झाली. ते ज्या झेंड्याखाली मेले तो झेंडा उतरला. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्र सरकारने जागोजागी हुतात्मा स्मारकं बांधली, चांगलंच केलं. वडूज-इस्लामपूरच्या मृतांची नावं तिथे आहेत, शाळेतली पोरं नऊ ऑगस्टला तिथे फुलं वाहतात. बसऱ्याला गेलेला माणूस तिथे बसत नाही. साम्राज्याने त्याचा आकडा केला आणि राष्ट्राने त्याला कुठे ठेवायचं हे ठरवलंच नाही. त्याला हुतात्मा म्हणावं असं मीही म्हणत नाही. अकरा रुपयांसाठी गेलेल्या माणसावर नंतर देशभक्ती चढवणं हाही खोटेपणा आहे. पण मेलेला माणूस मेलेलाच असतो आणि त्याच्या घरचं नुकसान तेवढंच खरं असतं.

या दोन वाटा एका ठिकाणी भेटल्या, तीही शिराळ्यातच. १९४६ च्या फेब्रुवारीत सोनवडे-मणदूरच्या जंगलात भूमिगतांची आणि पोलिसांची चकमक झाली. त्यात वाळव्याचे किसन अहिर आणि नानकसिंग हे दोघे मारले गेले. नानकसिंग आझाद हिंद सेनेतला शीख सैनिक. दुसरं महायुद्ध बघून आलेला माणूस, युद्ध संपल्यावर सहा महिन्यांनी, आपल्या गावापासून शेकडो कोस लांब, चांदोलीच्या झाडीत पडला. वाळव्याचा साखर कारखाना ‘हुतात्मा किसन अहिर’ यांच्या नावाने आहे. नानकसिंगचं नाव या भागात आजही दरवर्षी घेतलं जातं. आमच्या मुलखाने परक्या गावचा एक सैनिक नावानिशी लक्षात ठेवला आणि परक्या मुलखांत पडलेले आमचे सैनिक त्या-त्या ठिकाणी भिंतीवर राहिले.

काही घरांत मात्र वेगळी नोंद असते. देवघरातल्या टाकांत खंडोबा आणि भवानीशेजारी एखादा पूर्वजाचा टाक असतो, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. ‘हा कोण?’ विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, वीर आहे, लढाईत गेला. कुठल्या लढाईत? इथे गाडी बऱ्याचदा पानिपतावर जाते. एखादा तरी टाक बसऱ्याचा असणार, असं मला वाटतं. त्याने घोडा खायला नकार दिला असेल आणि आपण त्याला घोड्यावर बसवलं असेल.

ज्यांना आपल्या घरातलं नाव शोधायचं आहे त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. मोबाइलवरही होतं, पण लॅपटॉप बरा. आडनावापासून सुरुवात करू नका; पहिल्या लढाईतल्या शिपायाच्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असू शकतं. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात सातारा टाका, मग वाळवा. वाळव्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘व्ही’ने बघा आणि ‘डब्ल्यू’नेही. शिराळ्याच्या शेवटी कुठे ‘ए’ असेल, कुठे ‘ई’. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलंय हे धरून चला आणि मोठ्याने वाचा, म्हणजे ओळख पटते. यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते.

नाव सापडलं आणि चुकीचं लिहिलेलं असलं तर कमिशनला दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यासाठी पुरावा लागतो. पुरावा म्हणजे पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, पलटणीचं पत्र. हे सगळं असलंच तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतं आणि तिची किल्ली बहुतेक आजीकडे असते.